कांदा, शिळी भाकरी आणि फ्रान्सचे सूप



कल्याणहून कर्जतच्या बाजूला आगगाडीने निघाले म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. आमचे सोनिवली हे बदलापूरच्या अंगाचे गाव. या एवढ्याशा पट्ट्यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात पहिला मान अर्थातच अंबरनाथच्या शिवालयाचा. तेथे शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार घराण्यातील मुम्मुणि राजाचे नाव त्यात आपल्याला मिळते. त्या लेखावरून मंदिराचा काळ ठरतो आणि राजवंशाची साखळी जुळते. पण हे दगड ज्यांनी फोडले, वाहिले, घडविले, त्या माणसांनी दुपारच्या सुट्टीत कोणते फडके सोडले आणि त्यात काय होते, याचा त्या लेखात एक शब्दही नाही.

याच्या उलट एक गोष्ट ऐका. हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेला. तो इजिप्तमध्ये गेला होता. तो लिहितो की, तेथल्या मोठ्या पिरॅमिडवर एक लेख कोरलेला होता, आणि काम करणाऱ्या मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण पुरविण्यासाठी किती चांदी खर्च झाली ते त्यात लिहिले आहे, असे आपल्याला दुभाष्याने सांगितले. दुभाष्याने खरेच वाचले की पाहुण्याला थाप मारली, हा वाद विद्वानांना खुशाल घालू द्या. आपल्याला त्यातले एवढेच हवे आहे की, राजाच्या वास्तूचा हिशेब सांगताना मजुराच्या कांद्याचा हिशेब सांगावा असे कुणाला तरी वाटले.

आजचे माझे बोलणे या कांद्याविषयीच आहे. कांद्याचे एक सूप फ्रान्स देशात करतात. आपल्या मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या दरपत्रकातही ते आता दिसते, आणि त्याची किंमत पाहिली म्हणजे सामान्य माणसाचे डोळे कांदा न चिरताच पाणावतात. हे सूप आले कोठून, त्याचे आपल्या घरातल्या एका अगदी साध्या खाण्याशी काय नाते आहे, आणि ते आपल्याला चुलीवर किंवा शेगडीवर कसे करता येईल, ते क्रमाने पाहू.

आधी 'सूप' या शब्दाचा उलगडा करू. गुरुजनांना वर्गात सांगायला ही गंमत उपयोगी पडेल. मराठीत सूप म्हटले म्हणजे प्रथम धान्य पाखडायचे सूप डोळ्यांसमोर येते. ते संस्कृतातल्या 'शूर्प' या शब्दावरून आले. दुसरे सूप संस्कृतातलेच. त्याचा अर्थ शिजविलेले वरण. त्यावरून स्वयंपाक्याला सूपकार आणि पाकविद्येला सूपशास्त्र म्हणत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली मराठीत पाककृतींचे पुस्तक छापले, त्याचे नाव 'सूपशास्त्र' हेच होते. तिसरे सूप हे विलायती. कानाला ते आपल्या वरणाच्या सूपासारखेच लागते, पण त्याचे कूळ वेगळे. फ्रेंच भाषेत या 'सूप' शब्दाचा मूळ अर्थ पातळ सार असा नव्हताच. सारात भिजविलेला जो पावाचा तुकडा, त्याला सूप म्हणत. भांड्याच्या तळाशी पावाचा तुकडा ठेवायचा आणि वरून ऊन सार ओतायचे. पुढे तुकड्याचे नाव साराला चिकटले. तेव्हा फ्रान्समधल्या कांद्याच्या सूपाचा खरा धनी कांद्याइतकाच शिळा पावही आहे, हे आपण ध्यानात ठेवू.

पाव शिळा का, असे कुणी विचारील. त्याचे कारण इंधनात आणि राज्यव्यवस्थेत आहे. आपली भाकरी रोज थापायची आणि रोज भाजायची. तव्याखाली चार काटक्या पुरतात. पावाचे तसे नाही. त्याला भट्टी लागते, आणि भट्टी तापवायला लाकडाचा मोठा भारा लागतो. म्हणून खेड्यातले लोक सामाईक भट्टीत एकदम पुष्कळ पाव भाजून ठेवीत. आल्प्सच्या डोंगरात तर अशी गावे होती की जेथे वर्षातून एक-दोन वेळाच भट्टी पेटे. तो पाव इतका कडक होई की तोडायला सुरी पुरत नसे. शिवाय कित्येक ठिकाणी भट्टी जमीनदाराची असे. आपला पाव त्याच्याच भट्टीत भाजला पाहिजे आणि त्याबद्दल त्याला मोबदला दिला पाहिजे, असा त्याचा हक्क असे. १७८९ च्या राज्यक्रांतीत असले हक्क मोडून निघाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसच्या बायका पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. पावाचे मोल तेथे किती होते, हे यावरून दिसते. असल्या महाग वस्तूचा वाळलेला तुकडा कोण फेकून देईल? तो भिजवूनच खाल्ला पाहिजे. आणि भिजवायला चव असलेले पाणी हवे. मांस परवडत नाही, मसाले तर सातासमुद्रापलीकडचे. परसात असतो तो कांदा. कांदा परतला, पाणी घातले, उकळले, पावावर ओतले. गरिबाचे जेवण झाले.

ही गरिबाची चीज पुढे पुस्तकात गेली, आणि येथूनच तिचे भाग्य फिरले. १६५१ साली ला व्हारेन नावाच्या फ्रेंच आचाऱ्याने पाकशास्त्राचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. हा मनुष्य सरदाराच्या मुदपाकखान्यात काम करणारा. तरी त्याने आपल्या पुस्तकात कांद्याच्या साराला जागा दिली. कांदा अगदी पातळ चिरावा, लोण्यात परतावा, मग पाण्यात किंवा वाटाण्याच्या दाट कटात शिजवावा, त्यात वाळल्या पावाचे तुकडे भिजवावेत आणि वाढताना सिरक्याचा एखादा थेंब घालावा, अशी त्याची रीत आहे. यात दडपून टाकणारे काही आहे का? एखाद्या आजीने पडवीत बसून सांगावे तसे हे सरळ आहे.

पुढल्या शतकातली एक आख्यायिका फ्रान्समध्ये सांगतात. पोलंडचा स्तानिस्लास नावाचा राजा राज्य गमावून फ्रान्समध्ये आश्रयाला राहिला होता. त्याची मुलगी फ्रान्सच्या पंधराव्या लुईला दिलेली. हा सासरा एकदा लेकीकडे व्हर्सायला निघाला असता वाटेत शालाँ गावच्या खाणावळीत उतरला. तेथे त्याला कांद्याचे सूप वाढले. ते त्याला इतके आवडले की, हे कसे करतात ते शिकल्याशिवाय पुढचा मुक्काम गाठायचा नाही, असा त्याने हट्ट धरला. राजा अंगरख्यातच स्वयंपाकघरात उतरला, कांद्याने आणि धुराने डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, तरी तो हलला नाही. प्रसिद्ध कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा याने आपल्या पाककोशात ही हकिगत दिली आहे. आख्यायिका ती आख्यायिकाच, तिला पुरावा म्हणून मी पुढे करीत नाही. पण खाणावळीतल्या आचाऱ्याकडे राजाने शिकायला जावे, ही गोष्ट फ्रेंच लोकांनी अभिमानाने जपली, हे मात्र खरे.

एकोणिसाव्या शतकात या सूपाला पॅरिसच्या मोठ्या मंडईने नाव मिळवून दिले. ही मंडई बाराव्या शतकापासूनची. मध्यरात्रीनंतर तेथे भाजीच्या, मांसाच्या, मासळीच्या गाड्या येऊन लागत आणि हमालांची धावपळ सुरू होई. एमिल झोला या कादंबरीकाराने १८७३ साली या मंडईवर आख्खी कादंबरी लिहिली आणि तिला पॅरिसचे पोट म्हटले. थंडीच्या पहाटे पाठीवर ओझी वाहणाऱ्या त्या हमालांना आसपासच्या खानावळींतून कांद्याचे ऊन ऊन सूप मिळे. वर पावाचा तुकडा, त्यावर किसलेले चीज, आणि ते भट्टीत घालून वरून खरपूस केलेले. नाटक-गाण्याच्या बैठकी आटोपून घरी परतणारे श्रीमंत लोकही त्याच वेळी त्याच खानावळीत शिरत. एका बाकावर हमाल आणि दुसऱ्यावर रेशमी टोपीवाला, दोघांपुढे तोच वाडगा. १९६९ साली ती मंडई शहराबाहेर रुंजिस येथे हलविली गेली. आपल्या मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार जसा पुढे वाशीला गेला, तसेच ते झाले. मंडई गेली, पण सूप राहिले. १९६१ साली ज्यूलिया चाइल्ड आणि तिच्या दोन सहकारी बायकांनी अमेरिकेतल्या गृहिणींसाठी फ्रेंच स्वयंपाकाचे पुस्तक काढले, त्यात ते होतेच, आणि मग ते जगभर पसरले.

आता आपल्या कांद्याकडे वळू. कांदा आपल्याकडे नवा नाही. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे पोर्तुगीज आल्यानंतर अमेरिकेतून आलेले पाहुणे आहेत. कांदा त्यांच्याही आधीचा. मूळचा मध्य आशियाकडचा असला तरी तो आपल्याकडे फार जुन्या काळापासून आहे. संस्कृतात त्याला पलांडू म्हणतात, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी त्याचे गुण सांगितलेले आहेत. आपला 'कांदा' हा शब्द मात्र 'कंद' या शब्दावरून आला. परंतु धर्मशास्त्राने त्याला पंक्तीबाहेर ठेवले. मनुस्मृतीने द्विजांना वर्ज्य अशा पदार्थांत लसणाबरोबर कांदाही घातला आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी भारतात फिरला. महाराष्ट्रात आला तेव्हा येथे चालुक्य पुलकेशी दुसरा याचे राज्य होते. हिंदुस्थानाचे सामान्य वर्णन करताना तो सांगतो की, कांदा-लसूण येथे थोडेच लोक खातात, आणि खाणाऱ्याला गावकुसाबाहेर घालवितात.

पाहा, एका भाजीवरून माणसाला वेशीबाहेर काढले जात होते. पण जो उन्हात नांगर धरतो, त्याला कांद्यावाचून भाकरी उतरत नाही. म्हणून शास्त्र एका बाजूला राहिले आणि शेतकऱ्याच्या फडक्यात कांदा राहिला. तेराव्या शतकात सोलापूरकडच्या अरण गावी सावता माळी हे संत झाले. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला, आणि तो भाजीपाला अभंगात मोजताना त्यांनी कांद्याला वगळले नाही. ज्या कांद्याला पंक्तीत पान नव्हते, त्याला एका माळ्याने देवाच्या नावाशेजारी बसविले. मराठी भाषेतली ही केवढी मोठी गोष्ट आहे! लोकांनीही आपल्या परीने तडजोड काढली. चातुर्मासात कांदा खायचा नाही ना, मग आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ असा पोटभर कांदा खाऊन घ्यायचा. आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत, रोडगा आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायचे.

आता कांदा झाला, शिळा पाव झाला. आपल्याकडे या दोघांची जोडी कोठे आहे? अहो, घरोघर आहे! उरलेली भाकरी कुस्करायची, तिच्यावर ऊन आमटी किंवा रस्सा ओतायचा आणि वर हाताने फोडलेला कांदा घ्यायचा. याला आपण काला मोडणे म्हणतो. दुसरी तऱ्हा म्हणजे कांदा फोडणीस टाकून त्यावर भाकरीचा किंवा पोळीचा चुरा परतायचा आणि पाण्याचा हबका मारायचा. कोठे त्याला कुस्करा म्हणतात, कोठे फोडणीची पोळी. आमच्या ठाणे जिल्ह्याच्या या भागात भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. आदल्या रात्रीची तांदळाची भाकरी सकाळी कडक होते, आणि कांदा-सुकटीच्या कालवणात बुडविली म्हणजे पुन्हा मऊ होते. फ्रेंच शेतकऱ्याने जो विचार केला, तोच आमच्या आगरी-कुणब्याच्या घरातल्या माउलीने केला. दोघींचा एकमेकींशी पत्रव्यवहार नव्हता. अन्न टाकायचे नाही, एवढाच दोघींचा गुरुमंत्र होता.

याहून ठळक उदाहरण हवे असेल तर ते आमच्या आगगाडीच्या रस्त्यावरच आहे. १९४७ साली फाळणी झाली. सिंध प्रांतातून घरेदारे सोडून आलेल्या लोकांपैकी हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. १९४९ साली त्या छावणीच्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. या सिंधी घरांत एक न्याहारी करतात. कांदा बारीक चिरून तेलात चांगला परतायचा, त्यात लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि टोमॅटो घालून थोडे पाणी सोडायचे, आणि त्या रश्शात शिळ्या पोळीचे किंवा पावाचे तुकडे मुरवायचे. पोळी असली तर तिला म्हणतात 'सेयल मानी', आणि पाव असला तर 'सेयल डबल'. मानी म्हणजे पोळी, डबल म्हणजे डबलरोटी. कांद्याच्या रश्शात भिजलेला शिळा पाव! फ्रान्सच्या त्या जुन्या सूपाचे हे अगदी सख्खे भावंड झाले. मिरची-कोथिंबिरीचा काय तो फरक. ज्यांनी सिंधमधला वाडा, दुकान, शेत मागे टाकले, त्यांना ही रीत मागे टाकावी लागली नाही, कारण ती डोक्यात आणि हातात होती. स्तानिस्लास राजाने राज्य गमावून जे शिकले, ते या बायकांना आधीपासून येत होते.

आता ते सूप घरी करण्याची रीत सांगतो. चार माणसांसाठी एक किलो कांदा घ्यावा. पावसाळी पोळ कांदा किंवा रांगडा कांदा चालेल, पण चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा उत्तम, कारण त्यात पाणी कमी असते. कांद्याचे उभे पातळ काप करावे. कांदा चिरल्यावर त्यातून गंधकयुक्त वायू सुटतो आणि डोळ्यांना झोंबतो. चिरण्यापूर्वी कांदा थोडा वेळ गार पाण्यात ठेवला तर त्रास कमी होतो. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे लोणी आणि एक चमचा तेल तापवावे. लोणी नसेल तर तूप घ्यावे. त्यात सगळा कांदा घालून अर्धा चमचा मीठ टाकावे आणि मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटे मऊ होऊ द्यावा. मग झाकण काढावे.

आता पुढचा पाऊण तास हाच या पाककृतीचा जीव. आच मंदच ठेवायची, आणि दर दोन-चार मिनिटांनी तळापासून हलवीत राहायचे. कांदा आधी पाणी सोडतो, मग पिवळसर होतो, मग गव्हाळ, मग तांबूस, आणि शेवटी काकवीसारखा दिसू लागतो. एवढे होईपर्यंत पातेलेभर कांद्याचा ओंजळभर गोळा उरतो. घाई करून आच वाढविली तर कांदा करपेल आणि सूप कडू होईल. तिखट कांदा गोड कसा होतो, असे मुले विचारतील. कांद्यात साखर मुळातच असते, पण झोंबणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांपुढे ती जिभेला कळत नाही. मंद आचेवर ती द्रव्ये उडून जातात आणि पाणी आटते, तेव्हा गोडी वर येते. पुढे साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून तो तांबूस रंग आणि खमंग वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. भाकरीवरचे खरपूस डाग, भाजलेले शेंगदाणे, बेसनाच्या लाडवाचा वास, हे सगळे त्याच क्रियेचे.

कांदा असा झाला म्हणजे त्यावर दीड चमचा कणीक भुरभुरून दोन मिनिटे परतावी. मग दीड लिटर गरम पाणी किंवा सार घालावे. फ्रान्समध्ये आता बहुधा मांसाचे सार घालतात. आपल्याकडे मटण शिजविल्यावर जे अळणी पाणी निघते, ते उत्तम. शाकाहारी घरात हरभऱ्याच्या डाळीचा कट घ्यावा, ज्याची आपण कटाची आमटी करतो. यात कमीपणा काही नाही. ला व्हारेननेच साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कटाची सोय सांगून ठेवली आहे. मीठ आणि मिरपूड घालून अर्धा तास मंद उकळू द्यावे. तेथे यात थोडी पांढरी द्राक्षाची दारू घालतात. आपण शेवटी एक चमचा सिरका किंवा लिंबाचा रस घातला तरी आंबटपणाचे काम भागते.

कालचा पाव असेल त्याचे जाड काप करून कोरड्या तव्यावर कडक करावे. बुरशी आलेला पाव मात्र मुळीच घेऊ नये. शिळे म्हणजे नासके नव्हे. वाडग्यात सूप ओतून त्यावर पावाचा काप ठेवावा आणि वर चीज किसून घालावे. घरात भट्टी नसते, तेव्हा तव्यावरच पावावर चीज घालून झाकण ठेवावे आणि झाकणावर चार निखारे ठेवावेत, जसे आपण धोंडसाला वर-खाली निखारे देतो. चीज न मिळाले तर सोडून द्यावे. ज्या शेतकऱ्याचे हे सूप होते, त्यालाही ते रोज कोठे मिळत होते? पावाऐवजी नाचणीच्या भाकरीचा खरपूस तुकडा घालूनही करून पाहा. मला तर तो अधिक रुचतो.

एक किलो कांदा घ्या, असे मी सहज म्हटले. त्या एका किलोमागेही इतिहास आहे. नाशिक जिल्ह्यातली लासलगावची बाजार समिती १९४७ सालची, आणि तेथल्या भावाकडे आज सगळ्या देशाचे डोळे लागलेले असतात. १९८० सालाच्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली, तेव्हा कांदा महाग झाला हा प्रचाराचा मोठा विषय होता. आणि त्याच वर्षी, थोड्याच महिन्यांनी, पुणे जिल्ह्यातल्या चाकणला शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले. का? तर कांद्याला भाव नाही म्हणून! एकाच वर्षात एकाच कांद्याने खाणाऱ्यालाही रडविले आणि पिकविणाऱ्यालाही. कांद्याला गरिबाचे अन्न म्हणताना, तो पिकविणाऱ्याचे पोटही त्याच कांद्यावर चालते, हे आपण विसरता कामा नये.

आता शेवटची गोष्ट, आणि ती विशेषेकरून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सांगायची आहे. आमच्या वर्गात खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येतात. दुपारच्या सुट्टीत मी पुष्कळदा पाहिले आहे की, ज्याच्या डब्यात भाकरी, कांदा आणि सुकी चटणी असते तो मुलगा कोपऱ्यात तोंड फिरवून बसतो, झाकण अर्धेच उघडतो आणि लवकर आटपतो. ज्याच्याजवळ बाजारचे खाणे असते तो मधोमध बसतो. त्या मुलाला लाज शिकविली कोणी? फ्रान्समधला मजूर आणि आपला मजूर यांच्या वाडग्यांत फार मोठा फरक नव्हता. फरक पडला तो लेखणीमुळे. त्यांच्या आचाऱ्याने कांद्याचे सार पुस्तकात लिहिले, कादंबरीकाराने मंडईची पहाट लिहिली, राजाच्या तोंडी त्याची स्तुती घातली, आणि लोकांनी ते वाडगे पाहुण्यापुढे ठेवायला संकोच केला नाही. आपल्याकडे पाककृतींच्या पुस्तकांत श्रीखंड, पुरणपोळी आणि साखरभात यांना मानाची पाने मिळाली, आणि शिळ्या भाकरीच्या काल्याला बहुधा दारातूनच परत जावे लागले. ज्याची नोंद नाही त्याला इतिहास नाही, आणि ज्याला इतिहास नाही त्याची माणसाला लाज वाटू लागते.

वास्तविक काल्याचा मान आपल्या परंपरेत केवढा थोर आहे! गोपाळकाल्यात कृष्णाने सगळ्या गवळ्यांच्या पोरांची शिदोरी एकत्र केली. कुणाची ताजी, कुणाची शिळी, कुणाची चांगली, कुणाची भरडी, असा भेद त्याने ठेवला नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या आठवड्यात मुलांना एक पान लिहायला सांगा. घरात भाकरी, पोळी किंवा भात उरला तर आई किंवा आजी त्याचे काय करते? त्याला घरात कोणते नाव आहे? ते कुणाकडून शिकली? कोणत्या दिवसांत करते? त्यात कांदा पडतो का, आणि कसा? एवढे पाच प्रश्न पुरे. आमच्या बदलापूर-उल्हासनगरच्या शाळांत आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी, सिंधी अशा सगळ्या घरांतली मुले एका बाकावर बसतात. त्यांची ती पाने एकत्र शिवली तर जी वही तयार होईल, तिला विद्यापीठाच्या ग्रंथालयातही जोड सापडायची नाही. मग वर्गात ती मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्या घरची रीत असेल त्या मुलाचे नाव घेऊन वाचा.

अंबरनाथच्या पाथरवटांचे जेवण आता कोणालाच कळायचे नाही, नऊशेहून अधिक वर्षे लोटली. पण आपल्या आज्या अजून आहेत आणि त्यांना सगळे आठवते आहे. त्यांना विचारून घ्या, आणि लिहून ठेवा.